भंगार कोणाला म्हणावें?

गेल्या दिवाळीच्या सुटींत एका स्नेह्यांच्या घरीं फराळाचा बेत होता. मंडळी सारी सुशिक्षित. कोणी वकील, कोणी डॉक्टर, दोघेतिघे माझ्यासारखेच प्राध्यापक. बोलतां बोलतां एका गृहस्थांनीं गॅलरींतून खालीं पाहिलें आणि मला विचारलें, “प्रोफेसरसाहेब, हें भंगार आणखी किती वर्षें ओढणार?” सर्वजण हंसले, शिष्टाचार म्हणून मीही हंसलों. परंतु घरीं परततांना तो शब्द मनांत घोळत राहिला. ज्या गाडींत बसून मी सहकुटुंब तेथें गेलों आणि जींत बसून सुखरूप परत येत होतों, ती भंगार कशी? जें कामाचें उरलें नाहीं तें भंगार, असा त्या शब्दाचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. जें काम करीत आहे पण नवें नाहीं, त्यालाही हाच शब्द लावण्याची रीत आतां आपल्या वर्गांत रूढ होत आहे. त्या रीतीविरुद्ध हा लेख आहे.

प्रथम आरोपीची ओळख करून देतों. ती १९९४ सालची टाटा एस्टेट आहे. डिझेलवर चालणारी स्टेशन वॅगन. छत मागच्या टोंकापर्यंत सरळ नेलेली आणि सामानाची जागा बैठकीपासून वेगळी न तोडलेली अशी ही मोटारीची जात. अमेरिकेंत रेल्वेच्या स्टेशनावरून उतारू आणि त्यांच्या पेट्या वाहून नेणाऱ्या गाड्यांवरून हिला हें नांव पडलें. आपल्याकडे हा घाट फारसा रुजला नाहीं. तथापि, ज्याला पुणेकर अजूनही ‘टेल्को’च म्हणतात त्या कारखान्यानें १९९१ सालीं सिएरा व १९९२ सालीं एस्टेट काढली. मालमोटारी बांधणाऱ्या त्या कारखान्याच्या ह्या पहिल्या प्रवासी मोटारी. १९८८ सालच्या टाटा मोबाइल ह्या पिकअपच्या पायावर त्या उभ्या केलेल्या आहेत. इंजिनाचें नांव ४८३. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ८३ मिलिमीटर, एवढाच त्या आंकड्याचा अर्थ. एकंदर घनफळ १९४८ घनसेंटिमीटर. हेंच इंजिन पुढें १९९४ सालच्या सुमोंतही बसलें, हें माझें भाग्य. कारण सुमो गेली नाहीं असें गांव महाराष्ट्रांत विरळा, आणि सुमोचें इंजिन उघडलेला मिस्त्री अजूनही तालुक्याच्या गांवीं भेटतो. इंजिनाचे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेंत मिळतात. मागची कांच, मागचा दिवा, दारांचें रबर हीं मात्र एस्टेटचीं एकटीचीं. त्यांच्यासाठीं जुना बाजार आणि कुर्ल्याचा भंगारबाजार पालथा घालावा लागतो. एका मागच्या दिव्यासाठीं मीं चौदा महिने वाट पाहिली आहे.

ही गाडी चालती ठेवणें हा माझा छंद आहे, तो कांहीं पोटापाण्याचा उद्योग नव्हे. रविवारची सकाळ आणि कधींकधीं वाङ्मयाच्या उत्तरपत्रिका तपासून शिणलेली संध्याकाळ मी तिच्यासाठीं राखून ठेवतों. ह्या छंदानें मला काय शिकविलें तें सांगितल्यावांचून पुढचा वाद कळावयाचा नाहीं. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. आंत घेतलेली हवा वीसपटींहून अधिक दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं, नोझलांतून तींत उडालेला इंधनाचा तुषार आपोआप पेट घेतो. रुडोल्फ डिझेल ह्या जर्मन एंजिनिअरानें १८९७ सालीं हें तत्त्व चालत्या यंत्रांत सिद्ध करून दाखविलें. ह्या जुन्या इंजिनाचा सारा कारभार यांत्रिक आहे. पंप, नळ्या, नोझल आणि थंडींत मदतीला येणारे हीटर प्लग. तेथें संगणक नाहीं. म्हणून तक्रार सांगण्यासाठीं इंजिनाजवळ एकच भाषा आहे, ती धुराची. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर चोंदलेला असेल, नोझल थेंब गाळीत असेल, पंपाचें माप बिघडलें असेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचीं सीलें झिजलीं. सकाळचा पांढरा धूर रेंगाळला तर इंधन न जळतां बाहेर पडत आहे. हीटर प्लग अशक्त झाले अथवा दाब उतरला. हें व्याकरण मीं एका वृद्ध मिस्त्रींजवळ बसून शिकलें. एम.ए.च्या वर्गांत मीं जें कांहीं शिकलों, त्याहून ह्यांत बुद्धीचें काम कमी आहे असें मला एकदांही वाटलें नाहीं.

आतां पूर्वपक्ष. माझ्यावर तीन आरोप केले जातात. पहिला, हा पैशाचा अपव्यय आहे. दुसरा, हें प्राध्यापकाला शोभत नाहीं. आणि तिसरा, ही गाडी हवा दूषित करते. पहिले दोन हलके आहेत, त्यांचा निकाल लवकर लावतों. तिसरा मोठा आहे, त्याला सरळ सामोरें जाणें भाग आहे.

अपव्ययाचा आरोप करणारे गृहस्थ दर पांचसहा वर्षांनीं मोटार बदलतात. नवी मोटार दुकानाच्या दारांतून रस्त्यावर उतरली कीं तिची किंमत घसरूं लागते, आणि ही घसरण हप्त्यांवरील व्याजासह ते हंसतमुखानें सोसतात. तिला ते ‘खर्च’ म्हणत नाहींत, ‘प्रगति’ म्हणतात. माझ्या गाडीवर वर्षाकाठीं होणारा खर्च मी वहींत लिहून ठेवतों. तो त्यांच्या दोनतीन हप्त्यांत भागतो. पण केवळ पैशाचाच हिशेब कशाला? निसर्गाचाही हिशेब मांडूं. माझी गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटरांहून अधिक चालत नाहीं. लिटरला बारा किलोमीटर धरले तर डिझेल लागतें सव्वाशें लिटर. एक लिटर डिझेल जळल्यानें सुमारें २.७ किलो कर्बद्विप्राणिद वायु निघतो. म्हणजे वर्षाचा हिशेब साडेतीनशें किलोंच्या आंत. उलट, एक मध्यम नवी मोटार घडविण्यांत, तिचें पोलाद, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक आणि कांच तयार होण्यांत, ती एक किलोमीटरही चालण्यापूर्वीं, कांहीं टन वायु हवेंत गेलेला असतो. पांच टन धरले तरी माझ्या गाडीला तेवढा वायु सोडण्यास पंधरा वर्षें लागतील. जो मनुष्य रोज साठ किलोमीटर धांवतो त्यानें नवी, काटकसरी मोटार घ्यावी. त्याच्याशीं माझा वाद नाहीं. परंतु महिन्यांतून चार वेळां बाहेर पडणाऱ्या गाडीला ‘पर्यावरणासाठीं’ वितळवून तिच्या जागीं नवी आणणें, हा हिशेब कोणत्या अंकगणितांत बसतो?

दुसरा आरोप प्रतिष्ठेचा. तो उघड कोणी करीत नाहीं. पण माझ्या नखांतली काळी रेघ पाहून सहकारी ज्या नजरेनें पाहतात, तींत तो असतो. आपल्या पांढरपेशा वर्गाचें हें जुनें दुखणें आहे. यंत्र वापरावें, यंत्रावर निबंध लिहावा, पण यंत्राला हात लावावा तो दुसऱ्यानें! ह्या वृत्तीला महाराष्ट्रानेंच एक उत्तर दिलेलें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ती नोकरी सोडून बेळगांवास सायकलींचें दुकान चालवितांना त्यांना कमीपणा वाटला नाहीं, आणि त्याच हातांनीं पुढें लोखंडी नांगर आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या घरांच्या दिवाणखान्यांत ‘किर्लोस्कर’ मासिक दोन पिढ्या वाचलें गेलें, त्याच घरांत आज स्क्रूड्रायव्हर सांपडूं नये, हा दैवदुर्विलास नव्हे काय? हात काळे झाल्यानें कोणाचें तोंड काळें झाल्याचें निदान माझ्या तरी ऐकिवांत नाहीं.

कोणी विद्वान् येथें गीतेंतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त पुढें करतात. जुनें टाकून नवें घेणें हाच सृष्टिक्रम, असें त्यांचें म्हणणें. त्यांना माझी विनंति आहे कीं, तो दृष्टान्त आत्म्याच्या अमरत्वासाठीं योजिला आहे, मोटारींच्या विक्रीसाठीं नव्हे. आणि वस्त्रांपुरतें बोलावयाचें तर, आपल्या आजींनीं जीर्ण लुगडें कधींच टाकलें नाहीं. त्याची गोधडी झाली, गोधडीचें पुढें पोतेरें झालें, आणि पोतेरें फाटलें तेव्हांच त्या वस्त्राचा संसार संपला. ज्या घरांत हें चाललें तें घर दरिद्री होतें असें समजूं नका. कोणत्या वस्तूंत किती जीव शिल्लक आहे हें ओळखण्याची दृष्टि त्या घराजवळ होती. आपण ती गमावली, आणि गमावल्याचें नांव सुबत्ता ठेवलें.

आतां तिसरा आरोप, धुराचा. येथें मी वकिली करणार नाहीं. डिझेलचा धूर मनुष्याला कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला आहे, आणि तो मला मान्य आहे. माझें इंजिन भारत-मानकें अस्तित्वांत येण्यापूर्वींचें आहे. नव्या गाड्यांतील कणगाळणी तींत नाहीं. दर वेळीं प्रदूषण-तपासणींत नळीचें टोंक मागच्या नळकांड्यांत घालून, इंजिन एकदम वाढवून, धुराची अपारदर्शकता मोजतात. जुन्या डिझेलला ६५ हार्ट्रिज एककांपर्यंत सूट आहे, भारत-४ च्या गाड्यांना ५०. नोझल आणि पंप नुकताच बसवून घेतलेला असला म्हणजे माझी जुनी गाडी भारत-४ ची मर्यादाही सांभाळते. परंतु ही तपासणी डोळ्यांना दिसणाऱ्या धुराची. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनाचे वायु तींत मोजले जात नाहींत, हेंही मीच सांगतों. म्हणून मी ही गाडी शाळेच्या दारासमोर उभी करून इंजिन चालू ठेवीत नाहीं, आणि पौष-माघांत दिल्लीच्या कोंदट हवेंत कोणी अशी गाडी रोज फिरवूं लागला तर त्याची बाजू घेणार नाहीं. हौसेला दुसऱ्याच्या फुप्फुसांवर हक्क नाहीं.

एवढें कबूल केल्यावर मला विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो: दोष धुराचा आहे कीं वयाचा? धुराचा असेल तर धूर मोजा. कसोट्या कडक करा, दिसणारे आणि न दिसणारे दोन्ही दोष मोजणारीं यंत्रें आणा, आणि जी गाडी नापास होईल तिला, ती तीस वर्षांची असो कीं तीन वर्षांची, रस्त्यावरून उतरवा. माझी नापास झाली तर मी तिच्या किल्ल्या स्वतः नेऊन देईन. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं दिल्ली व राजधानी परिसरापुरता जो आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं जो कायम केला, त्यांत मोजमाप होतें तें जन्मतारखेचें: डिझेलला दहा वर्षें, पेट्रोलला पंधरा. २०२५ सालीं न्यायालयानें केवळ वयावरून कारवाई करूं नये असा दिलासा दिला, आणि पुढें तो भारत-४ व त्यानंतरच्या गाड्यांपुरता मर्यादित केला. ह्या दुसऱ्या निर्णयानें माझ्या जातीच्या गाडीला दिल्लीचा दरवाजा बंदच राहिला. तरीही मी त्याचें तत्त्वतः स्वागत करतों. कारण वयाकडून उत्सर्गाकडे, पंचांगाकडून तराजूकडे, एक पाऊल तरी त्यानें टाकलें. आम्हां प्राध्यापकांनाही ठराविक वयाला निवृत्त करतात; परंतु अद्याप कोणाला वितळविल्याचें ऐकलें नाहीं.

महाराष्ट्रांत अशी सरसकट बंदी नाहीं. येथें खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें टिकते, आणि पुढें तपासणी होऊन पांच-पांच वर्षांनीं तिचें नूतनीकरण होतें. तपासणीला माझी हरकत नाहीं, उलट ती अधिक कसून व्हावी. पण नूतनीकरणाचें शुल्क पाहा. १ एप्रिल २०२२ पासून तें ६०० रुपयांवरून ५,००० झालें, आणि २०२५ सालीं वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० ठरविण्यांत आलें. हें शुल्क धुराच्या प्रमाणांत वाढत नाहीं, किलोमीटरांच्या प्रमाणांत वाढत नाहीं. केवळ वाढदिवसांच्या प्रमाणांत वाढतें. त्याच वेळीं जुनी गाडी मोडींत काढल्याचा दाखला आणणाऱ्याला नव्या खाजगी मोटारीच्या करांत पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तजवीज आहे. एका हातानें दंड, दुसऱ्या हातानें आमिष, आणि दोन्हींचा रोख नव्या गाडीच्या दुकानाकडे!

ह्याच्याही पुढची गंमत पाहा. २०२१ सालीं सरकारनें ‘व्हिंटेज’ मोटारींसाठीं वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपांत राखलेली गाडी म्हणजे राष्ट्राचा वारसा. तिला खास क्रमांक, दहा वर्षांची नोंदणी, आणि प्रदर्शनांत मिरवण्याची मोकळीक. नियम चांगला आहे. पण पन्नासाव्या वर्षीं जिचा सत्कार करावयाचा, तिनें तिसावें, चाळिसावें वर्ष कोठें काढावें? माझी गाडी २०४४ सालीं वारसा होईल. तोंपर्यंत २०२९, २०३४, २०३९ अशीं तीन नूतनीकरणें आहेत, आणि प्रत्येक वेळीं ती ‘भंगार’ ठरण्याचा संभव आहे. राजेरजवाड्यांच्या मोटारी वाड्यांतल्या कोठारांत बसून पन्नाशी गाठतात. शिक्षकाची, डॉक्टराची, लहान व्यापाऱ्याची गाडी रस्त्यावर राबतच म्हातारी होते. ह्या नियमांनीं वारसा उरेल तो रोल्स-रॉइसचा. पुण्याच्या कामगारांनीं बांधलेल्या पहिल्या प्रवासी मोटारींचा नव्हे. मधल्या वयाला जगूं द्यावयाचें नाहीं आणि वार्धक्याची पूजा करावयाची, ही कोठली नीति?

येथवर मी गाडीसाठीं बोललों. पण खरें सांगावयाचें तर पणाला लागलेली वस्तु गाडी नव्हे. वर ज्या मिस्त्रींचा उल्लेख केला ते आज सत्तरीच्या पुढें आहेत. इंजिन चालू असतांना लांब पान्याचें एक टोंक नोझलच्या बुडाशीं आणि दुसरें कानाजवळ धरून, चारांपैकीं कोणता सिलिंडर आळस करीत आहे हें ते सांगतात, आणि नोझल उघडल्यावर तसेंच निघतें. त्यांच्या हाताखालीं पूर्वीं चार मुलें असत; आज एकही नाहीं. मीं कारण विचारलें तेव्हां ते म्हणाले, “सर, आतां दुरुस्ती कोणाला पाहिजे? पार्ट बदलायचा, बिल द्यायचें. त्याला मिस्त्री कशाला लागतो?” त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें मला अधिक लागलें. हें ज्ञान पुस्तकांत नाहीं. तें हातांतून हातांत जातें, आणि ज्या दिवशीं दुरुस्त करण्याजोगी वस्तु दारांत येत नाहीं, त्या दिवसापासून तें मरूं लागतें. आपण एक गाडी मोडींत काढतों तेव्हां तिच्याबरोबर तिला समजून घेणारा एक कानही मोडींत जातो. त्याची किंमत कोणत्याही दाखल्यावर लिहिलेली नसते.

सरकारला ह्याची जाणीव अगदींच नाहीं असें नव्हे. ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ सालीं ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठीं समिति नेमली, आणि शेतीचीं अवजारें, मोबाइल फोन, घरगुती उपकरणें यांच्याबरोबर मोटारींचाही त्यांत समावेश केला. म्हणजे एक खातें म्हणतें, दुरुस्ती हा नागरिकाचा हक्क आहे. दुसरें खातें त्या हक्काचें शुल्क दर पांच वर्षांनीं वसूल करतें. ह्या दोन खात्यांची एकदां समोरासमोर गांठ घालून देणारा कोणी मिळाला तर फार बरें होईल.

तथापि सर्व दोष सरकारच्या माथीं मारून मोकळें होणें हीही आपल्या वर्गाची सोयीची खोड आहे. कायद्यानें कोणालाही चालता मिक्सर, शिवण्याजोगी चप्पल किंवा एक बटण बिघडलेला रेडिओ टाकावयास सांगितलेलें नाहीं. तें आपण आपखुषीनें करतों, आणि मुलांच्या देखत करतों. बिघडलेल्या वस्तूचें काय करावयाचें ह्या प्रश्नाला ‘टाकून द्यावयाचें’ हें एकच उत्तर ज्या मुलांनीं पाहिलें, तीं पुढें माणसांच्या बाबतींत आणि संस्थांच्या बाबतींत निराळें उत्तर कोठून शिकणार? गेल्या उन्हाळ्यांत माझ्या धाकट्या मुलीनें हीटर प्लग एकेक काढून, बॅटरीची तार लावून, कोणता तापतो आणि कोणता नाहीं हें तपासलें. चारांपैकीं एक मेलेला निघाला. तो बदलल्यावर दुसऱ्या दिवशीं पहाटे इंजिन पहिल्या किल्लीला चालू झालें आणि पांढरा धूर क्षणांत विरला. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळीं जें दिसलें, तें परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं मला कधीं दिसलें नव्हतें.

म्हणून फराळाच्या त्या बैठकींतल्या प्रश्नाला माझें उत्तर आतां देऊन टाकतों. हें भंगार आणखी किती वर्षें ओढणार? तें मला ओढीत आहे तोंवर. त्याचा धूर प्रामाणिक कसोटीला उतरत आहे तोंवर. आणि नोझलचा आवाज ओळखणारा एक तरी कान ह्या गांवांत शिल्लक आहे तोंवर. तो कान शिल्लक रहावा म्हणून, पुढच्या रविवारीं सकाळीं तुमच्यापैकीं कोणी आपल्या मुलाला माझ्याकडे पाठविणार असेल, तर जुने कपडे घालून पाठवा.